शेक सुरू होण्याआधीचे आठवडे: घशाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी जोडीदाराची तयारी कशी करावी

घशातला तुकडा काढून तपासल्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात आला तेव्हा आमच्याकडं सोयाबीनची काढणी चालली होती. ह्यांचा आवाज आषाढापासूनच बसलेला. दिंडीत भजनं म्हणून घसा बसला असेल असं समजून हळद-दूध, मध, मिठाच्या गुळण्या यात तीन महिने गेले. मग उजवा कान ठणकायला लागला, भाकरीचा घास उतरताना टोचायला लागला, आणि एक दिवस दाढी करताना मानेत सुपारीएवढी गाठ त्यांच्याच हाताला लागली. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं घसा तपासून घ्यावा, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. हे शेती करतात. त्यांना ३५ शेक (म्हणजे मशीननं दिलेली किरणं, रेडिएशन) आणि आठवड्याला एक केमो (कॅन्सरचं औषध) असा उपचार मिळाला. शेक चालू असतानाचं पुष्कळ लोक सांगतात. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या दिवसांचं, म्हणजे रिपोर्ट आल्यापासून पहिला शेक बसेपर्यंतचं. हे दिवस नुसते नंबर लागायची वाट पाहण्यात जातात. पण शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघतं, बोलवत नाही, गिळवत नाही. तेव्हा 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं एकही काम होत नाही. ह्या आधीच्या दिवसांतली बरीचशी कामं डॉक्टरांच्या हातातली नसतात. ती घरच्यांच्या, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या हातातली असतात.

पहिलं काम: त्यांना खरं सांगा

आमच्याकडं सगळ्यात आधी सल्ला मिळाला तो 'त्यांना काही कळू देऊ नका' असा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, अल्सर आहे म्हणून सांगू." चार दिवस आम्ही तसंच केलं. त्या चार दिवसांत ह्यांनी एकच प्रश्न विचारला: "अल्सरला एवढे लोक भेटायला येतात का?"

माणसाला सात आठवडे रोज टेबलावर निजायचं आहे, घास टोचत असताना गिळायचं आहे, तंबाखू सोडायची आहे. कशासाठी ते ठाऊक नसेल तर हे कुणालाच जमत नाही. शिवाय संमतीच्या कागदावर सही त्यांचीच लागते. सांगताना मात्र सगळं एका दमात सांगू नका. डॉक्टरांसमोर सांगा, म्हणजे लगेच पुढचा प्रश्न विचारता येतो. 'बरं होतं का' याचं उत्तर आपण द्यायचं नाही, डॉक्टरांना द्यायला लावायचं. घशाचे कॅन्सर लवकर सापडले तर बहुतेक वेळा पूर्ण बरे होतात, आणि मानेतल्या गाठीपर्यंत गेलेल्यांवरही बरं करण्याच्याच हेतूनं उपचार होतात. हे वाक्य ह्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

घरात दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागली. सासूबाईंनी मायेनंच, पण ह्यांचं ताट-तांब्या वेगळा काढला होता. कॅन्सर शिवल्यानं, उष्ट्यानं, शेजारी निजल्यानं होत नाही. बाहेरच्या मशीननं शेक दिला तर अंगात किरणं राहत नाहीत, नातवंडाला मांडीवर घेता येतं. तुकडा काढल्यानं, सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो हीसुद्धा भीतीच आहे. तुकड्याशिवाय उपचार ठरतच नाही.

कागद आणि योजना

दोन फाईली करा. एकीत मूळ कागद, दुसरीत झेरॉक्स. तुकड्याचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म आणि सीडी, रक्ताचे रिपोर्ट, बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची यादी. एक गोष्ट बहुतेकांची राहून जाते: ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ठोकळे मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात तुकडा पुन्हा तपासतात आणि त्यासाठी हेच लागतं. आम्ही नुसता रिपोर्ट घेऊन गेलो होतो, त्यामुळं एक पूर्ण चक्कर वाया गेली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याच्याकडं आधी जा. टोल फ्री नंबर १५५३८८. अडचण येते ती नावाची. रेशन कार्डावर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर', अशी आपल्याकडची घरोघरची तऱ्हा. हे तहसील किंवा आधार केंद्रात आधीच दुरुस्त करून घ्या. उपचार सुरू झाल्यावर त्यांना घेऊन रांगेत उभं राहणं होत नाही. योजनेच्या बाहेर खर्च गेला तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

कुठं जायचं यावर घरात वाद होतातच. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जावं, असं प्रत्येक पाहुणा सांगतो. तिथं जाऊन मत घ्यायला काही हरकत नाही. पण शेक आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. एवढा काळ परमुलखात राहायचं, तर त्याचा हिशोब आधी करा. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. बीड, लातूर, धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय जवळ पडतं. माझं मत विचाराल तर, जिथं एकही शेक न चुकता पूर्ण होईल ती जागा आपली. मधे मधे खाडे पडले तर उपचाराचा गुण कमी होतो, मग मशीन कितीही भारी असो.

डॉक्टरांना काय विचारायचं

प्रश्न वहीत लिहून न्या. आत गेल्यावर एकही आठवत नाही. आमच्या वहीत हे होते: गाठ नेमकी कुठं आहे, स्वरयंत्रावर की त्याच्या मागं-वर? कितवी पायरी (स्टेज)? उपचार मुळापासून बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? ऑपरेशन की शेक, आणि दोन्ही शक्य असतील तर आवाजाच्या आणि गिळण्याच्या दृष्टीनं काय फरक पडेल? केमो सोबत आहे का? खाण्यासाठी नळी आधीच घालायची की लागली तर? कानांची तपासणी करायची का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण घशाच्या कॅन्सरमध्ये शेकासोबत बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात. त्यानं किडनीवर ताण येतो आणि ऐकूही कमी येऊ शकतं. म्हणून सुरू करण्याआधी किडनीची रक्ततपासणी आणि कानांची चाचणी होते. ह्याच कारणासाठी अंगदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून द्यायच्या नाहीत. आधी डॉक्टरांना विचारायचं.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र पूर्ण काढणार असतील तर मानेत कायमचं छिद्र राहतं आणि श्वास तिथूनच चालतो. अशा वेळी ऑपरेशनच्या आधी, हे ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाची भेट घालून द्या म्हणून रुग्णालयात विनंती करा. घशात बसवलेल्या छोट्या झडपेनं किंवा गळ्याला लावायच्या यंत्रानं माणसं बोलतात. ते डोळ्यांनी पाहिल्यावर धीर येतो.

दात

इथं आमचे दोन आठवडे गेले, म्हणून इथं मी जरा थांबून सांगते.

पहिल्या भेटीतच केसपेपरवर 'दात दाखवून या' असं लिहून दिलं होतं. आम्ही ते मनावर घेतलं नाही. घशात गाठ, मानेत गाठ, आणि दाताचं काय घेऊन बसायचं, असं वाटलं. शेकाची तारीख ठरवायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, दात दाखवले का? मग तपासणीत खालच्या तीन दाढा किडलेल्या निघाल्या, त्यातल्या दोन हलत होत्या. तिन्ही काढाव्या लागल्या. आणि दाढ काढल्यावर जखम भरायला दोन आठवडे तरी जाऊ द्यावे लागतात, तोवर शेक सुरू करत नाहीत.

कारण असं: शेकामुळं जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. नंतर किडलेली दाढ काढली तर ती जखम न भरण्याची, हाड उघडं पडून कुजायला लागण्याची भीती असते. हा धोका पुढं वर्षानुवर्षं राहतो. म्हणून जी दाढ टिकणार नाही ती आधीच काढायची आणि जी टिकेल ती जपायची. लाळ कमी झाली की दात झपाट्यानं किडतात, त्यामुळं फ्लोराइडची जेल किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात का ते विचारा. पुढं कधीही, पाच वर्षांनीसुद्धा, दातांच्या डॉक्टरकडं गेलात तर 'मानेला शेक घेतलेला आहे' हे पहिलं सांगायचं.

तेव्हा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडं जा. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात काहीतरी निघतंच. बाकीच्या तपासण्या चालू असतात तेवढ्यात जखम भरून येते, एकही दिवस वाया जात नाही.

मिसरी, राख, कोळशाचं दंतमंजन बंद करा. मऊ ब्रश आणा. गुळणीसाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं. दिवसातून पाच-सहा वेळा नुसत्या गुळण्या, गिळायचं नाही. बाजारातली झणझणीत माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलनं तोंड आणखी कोरडं पडतं. गुळण्यांची सवय आधीच लागली तर पुढं तोंड आलेलं असतानाही हात आपोआप तांब्याकडं जातो.

वजन

वीस वर्षं मी गावातल्या लेकरांची वजनं करते. तक्त्यावर रेघ खाली झुकली की मला झोप लागत नाही. पण नवरा दोन महिन्यांत पाच किलो उतरला होता आणि मी ते तक्त्यावर कधी मांडलं नव्हतं. ६३ चे ५८ झाले होते.

शेकाच्या काळात वजन उतरतंच. ते फार उतरलं तर शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मुखवटा सैल होतो, किरणांचा नेम बिघडतो आणि सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं. केमो पेलवत नाही, जखमा भरत नाहीत. म्हणून सुरू होण्याआधीचे दिवस हे अंगावर साठवण करण्याचे दिवस. डिजिटल काटा घ्या, दर सोमवारी सकाळी, त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. आठवड्यात एक किलोपेक्षा जास्त उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगायचं.

किती खावं याचा अंदाज असा: वजनाच्या प्रत्येक किलोमागं दिवसाला ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५८ किलोच्या माणसाला दोन हजारांच्या आसपास कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं. आपल्या भाकरी-भाजीत कॅलरी भरतात, प्रथिनं मात्र कमी पडतात. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं अंडं-मटण घरात नाही. मग हिशोब असा बसवला: दिवसाला एक लिटर दूध, त्यातून ३० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. त्यातल्या अर्ध्या लिटरमध्ये चार चमचे दूध पावडर मिसळायची. दोन वाट्या घट्ट मुगाचं वरण. फुटाण्याचं बारीक पीठ गूळ घालून दुधात. शेंगदाण्याचा कूट अगदी वस्त्रगाळ करून भाजीत. मऊ पनीर कुस्करून खिचडीत. ज्यांच्याकडं चालतं त्यांनी रोज दोन अंडी द्यावीत, एकात सहा ग्रॅम तरी प्रथिनं असतात आणि मऊ शिजवलेलं अंडं सहज उतरतं.

ठेचा, लसणाची चटणी, लोणचं, ज्वारीची कडक भाकरी हे सगळं बाजूला गेलं. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, वर तुपाची धार. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवण्याऐवजी दुधात शिजवल्या, कारण आंबट लागलं की घसा चरचरायचा. शेवयांची खीर, भगर, साबुदाण्याची पातळ खीर, केळं. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा-सात छोटी. शुगर असेल तर हा हिशोब वेगळा, आहारतज्ज्ञाला विचारूनच गूळ-साखर ठरवा.

नळीची भीती घालवणंही ह्याच दिवसांतलं काम. नाकातून किंवा पोटातून नळी घातली म्हणजे संपलं, असं गावात समजतात. ती बहुतेकदा तात्पुरती सोय असते, गिळता यायला लागलं की काढतात. नळीतून देताना पाठ टेकवून बसवायचं, आधी आणि नंतर साधारण ५० मिलि पाणी सोडायचं, अन्न बारीक गाळलेलं हवं, आणि नंतर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. नर्सकडून एकदा आपल्या हातानं करून घ्या. नुसतं पाहून येत नाही.

तंबाखू

ह्यांची डबी तीस वर्षांची. शेतात, देवळाच्या पारावर, झोपताना दाढेत. आम्ही म्हणायचो, आता झाला आहेच कॅन्सर, सोडून काय होणार? पुष्कळ होतं. बिडी-सिगारेट चालू राहिली तर शेकाचा गुण कमी येतो, तंबाखूनं तोंडातल्या जखमा भरत नाहीत, आणि दुसरीकडं नवा कॅन्सर होण्याचा धोका तसाच राहतो.

भांडून सुटत नाही, हे मी स्वतः पाहिलं. दोनदा डबी नाल्यात फेकली, दोनदा नवीन आली. शेवटी डॉक्टरांनीच औषध आणि तारीख दिली. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. तिथले समुपदेशक परत फोन करून विचारपूस करतात. निकोटिनचं च्युइंगम घशाला चरचरतं, पट्टी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोपमोड होते, त्या दिवसांत पाहुण्यांना बोलावू नका. भेटायला आलेला मित्र हातावर मळायला लागला तर त्याला बाहेर बसायला सांगा. मी सांगितलं. दोघं रुसले, महिन्याभरानं आले.

रोज दारू पिणारा माणूस असेल तर ती एकदम घरच्या घरी बंद करू नका. हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात. किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा, ते औषध देऊन सोडवतात.

गिळण्याचा व्यायाम आणि आवाज

गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते आखडतात. म्हणून गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्टला शेकाच्या आधीच भेटा. जोर लावून गिळणं, जीभ पुढं धरून गिळणं, जबडा उघडणं असे दोन-तीन व्यायाम ते शिकवतात. तोंड किती उघडतं ते मोजायची घरगुती खूण म्हणजे उभी तीन बोटं दातांमध्ये बसतात का. ते आज बघून लिहून ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, पाणी श्वासनळीत उतरत असण्याची शक्यता असते.

आवाजाचं एक काम मात्र कुणी सांगत नाही. माणूस बोलू शकतो आहे तोवर घराचा कारभार बोलून घ्या. आम्ही एका संध्याकाळी अंगणात बसलो, मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. मोटारीचा स्टार्टर कधी कधी अडकतो तेव्हा कोणता खटका दाबायचा. कृषी केंद्राची उधारी किती. पीककर्जाचा हप्ता कोणत्या बँकेत. कुणाला हातउसने दिलेत. बैलाला कोणतं औषध चालत नाही. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग झालं. पुढच्या दोन महिन्यांत मी ते किती वेळा लावलं त्याला गणती नाही. हे प्रश्न ऐकताना 'निरवानिरव चालली आहे' असं त्यांना वाटू नये, म्हणून मी पहिल्यांदा स्टार्टरचंच विचारलं.

बोलणं बंद झाल्यावर काय करायचं तेही ठरवा. अंगणवाडीतली पाटी मी घरी आणली. शिवाय खुणा ठरवल्या: वाटीवर चमचा एकदा वाजवला म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे दुखतंय, सारखा वाजवला म्हणजे धाव. लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रांचा तक्ता करा: पाणी, औषध, लघवी, पांघरूण, दुखणं.

मुखवटा आणि माळ

शेकाच्या आधी एक दिवस मुखवटा बनवायला बोलावतात. जाळीची पांढरी प्लास्टिकची शीट गरम पाण्याच्या टबात टाकतात, ती मऊ पडली की चेहऱ्यापासून खांद्यापर्यंत ओढून बसवतात आणि कडेनं टेबलाला चाप लावतात. काही मिनिटांत ती थंड होऊन टणक होते. जाळीतून श्वास घेता येतो. तरी डोकं हलत नाही म्हटल्यावर जीव घाबरा होतो. तंत्रज्ञ बाहेरून कॅमेऱ्यात पाहत असतात, हात वर केला की मशीन थांबवतात, हे आत जाण्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकवा. एका शेकाला मांडणीसकट दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्या वेळी दुखत नाही. आम्ही घरी सराव केला. ओला पंचा चेहऱ्यावर टाकून, खाटेवर सरळ निजून, मनात हरिपाठाचा एक अभंग. एका शेकात किती अभंग होतात हे पुढं त्यांना पाठ झालं होतं.

दाढी-मिशा मुखवट्याच्या आधीच काय त्या उतरवा, मधे बदल नको. आणि गळ्यातलं सगळं काढावं लागतं: माळ, ताईत, काळा दोरा, मंगळसूत्र. ह्यांनी पंचवीस वर्षांत माळ उतरवली नव्हती. तंत्रज्ञांनी सांगितल्यावर हे नुसते बसून राहिले. मी आधी विचारून ठेवलं असतं तर ही वेळ तिथं, सगळ्यांसमोर आली नसती. घरी आल्यावर सासूबाईंनी माळ विठोबाच्या तसबिरीला घातली आणि म्हणाल्या, "त्याच्याकडंच ठेवली आहे, परत घेशील." ह्या गोष्टी लहान नसतात, आधी बोला.

गळ्याच्या ज्या भागावर शेक बसणार तिथं तेल, बाम, हळदीचा लेप, पावडर काही नाही. कॉलरचा शर्ट नको, मऊ सुती बंडी आणि उन्हात जाताना सैल उपरणं. काढे, जडीबुटी, ताकदीच्या बाटल्या घेऊन लोक येतात. त्यांना दुखवू नका, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक चमचाही देऊ नका.

राहायचं कुठं

रोज गावाकडून ये-जा करण्याचा विचार सोडा. रुग्णालयाजवळ तळमजल्यावरची खोली बघा. जिना चौथ्या आठवड्यानंतर चढवत नाही. सोबत छोटा गॅस, मिक्सर, बारीक गाळणी, थर्मास, वजनकाटा, तापमापक, दोन जादा उशा. मुंबईला जाणार असाल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन कॅन्सरच्या रुग्णांना माहीत असलेली ठिकाणं आहेत. रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि जागा आधी विचारावी लागते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट मोफत असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घेऊन तिकीट खिडकीवर जायचं.

कोण कुठल्या आठवड्यात सोबत राहणार ते कागदावर लिहा. आमच्याकडं लेकरं जाऊबाईंकडं, काढणी भाऊजींकडं, अंगणवाडी मदतनीस ताईंकडं असं वाटलं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथंच काम सांगा: एक शनिवार, एक डबा, एक बँकेची चक्कर. आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवा. माझ्या तिसऱ्या आठवड्यात संपल्या होत्या आणि मला चक्कर येईपर्यंत ते ध्यानातच आलं नाही. मन फार दाटून आलं तर टेली मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्रीही.

कशासाठी लगेच पळायचं

श्वास घेताना घर्रघर्र आवाज, बसल्या जागी दम, तोंडातून ताजं रक्त, पाण्याचा घोटही न उतरणं. ह्यातलं काहीही झालं तर उपचाराची तारीख यायची आहे म्हणून थांबायचं नाही. त्याच रात्री रुग्णालयात. कधी कधी श्वासासाठी गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागते, त्यानं जीव वाचतो. केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असतात, जंतुसंसर्ग काही तासांत वाढतो. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

पहिल्या शेकाचा दिवस

आम्ही आदल्या संध्याकाळी खोलीवर पोचलो. फाईल, पाण्याची बाटली, पंचा, रेशन कार्ड पिशवीत भरून दाराशी ठेवलं. सकाळी गुळण्या, मग दुधातल्या ज्वारीच्या कण्या, मऊ ब्रशनं दात. काट्यावर उभं केलं. मग मी पहिलं पान उघडलं आणि अंगणवाडीच्या तक्त्यावर लिहिते तसंच लिहिलं: सोमवार, शेक १, वजन ५९.२, ताप नाही, तीन बोटं बसतात, तंबाखू बंद दिवस १९.